पहिला डाइव्ह कॉम्प्युटर निवडताना

डाइव्ह कॉम्प्युटर हे स्कूबा डायव्हरच्या मनगटावर बांधायचे छोटे यंत्र. बाहेरून ते जाडसर घड्याळासारखे दिसते. आत पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर, घड्याळ, तापमापक आणि हिशोब करणारी चिप असते. पाण्यात शिरताच ते आपोआप सुरू होते, दर काही सेकंदांनी दाब मोजून खोली दाखवते आणि त्या खोलीवर गेलेल्या वेळावरून शरीरात किती नायट्रोजन साठला असावा याचा अंदाज बांधत राहते. पडद्यावर तीन आकडे कायम असतात. एक आत्ताची खोली, दुसरा बुडी सुरू झाल्यापासूनची मिनिटे आणि तिसरा शिल्लक वेळ, म्हणजे या खोलीवर आणखी किती मिनिटे राहिले तरी वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल तो आकडा. पहिले दोन आकडे मोजलेले असतात, तिसरा गणिताने काढलेला असतो. यंत्र विकत घेताना आणि पुढे ते वापरताना हा फरक ध्यानात असला की निवड बरीच सोपी होते.

ही निवड इथे महाड-पोलादपूरच्या नव्या डायव्हरच्या नजरेतून पाहायची आहे. हे सावित्रीच्या खोऱ्यातले, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. स्कूबा शिकण्यासारखे पाणी इथे नाही. पण मुंबई-गोवा महामार्ग दारातून जातो आणि त्याच रस्त्याने तीनेकशे किलोमीटरवर मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे प्रवाळ, १९८७ मध्ये जाहीर झालेले मालवण सागरी अभयारण्य आणि तारकर्लीचे एमटीडीसीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र यांमुळे मराठी माणसाची पहिली बुडी बहुतेक वेळा तिथेच होते. आणखी खाली गेले की गोव्याचे ग्रांद बेट आणि कर्नाटकात मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी. हौस म्हणून एकदाच पाण्याखाली जाऊन येणाऱ्या पर्यटकाला स्वतःच्या कॉम्प्युटरची गरज नसते. प्रशिक्षक त्याला धरून सहा-आठ मीटरपर्यंत नेतो आणि वेळेचा हिशोब स्वतः ठेवतो. प्रश्न येतो तो ओपन वॉटरचा कोर्स पूर्ण करून, हाती कार्ड घेऊन, जोडीदाराबरोबर स्वतःच्या जबाबदारीवर १८ मीटरपर्यंत उतरू लागणाऱ्या नव्या डायव्हरला.

यंत्र कशाचा हिशोब ठेवते ते आधी पाहू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण १ बार असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एकेक बार वाढतो, म्हणजे १० मीटरवर २ बार आणि १८ मीटरवर २.८ बार. तोंडात धरायचा रेग्युलेटर टाकीतून डायव्हरला त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीर तो वापरत नाही, पण वाढलेल्या दाबाखाली तो रक्तात आणि तिथून स्नायू, चरबी, सांधे, मज्जातंतू यांत विरघळत जातो. वर येताना दाब घटतो आणि तो पुन्हा बाहेर पडू लागतो. सावकाश पडला तर फुप्फुसांतून निघून जातो. दाब फार झपाट्याने उतरला तर त्याचे ऊतींत आणि रक्तात बुडबुडे धरतात. सांधे ठणकणे, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, अंगावर चट्टे, न जाणारा थकवा आणि वाईट प्रसंगी लुळेपणा अशी त्याची लक्षणे असतात. हाच डीकंप्रेशनचा आजार.

शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत. जांभ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल चढते तेव्हा गिलावा दोन दिवसांत भिजतो आणि उन्हाची तिरीप आली की वाळतोही, पण आतल्या चिऱ्यात मुरलेली ओल दिवाळीपर्यंत हटत नाही. शरीराचेही तसेच आहे. रक्त आणि मेंदू लवकर भरतात आणि लवकर रिकामे होतात. चरबी आणि सांध्यांसारख्या कमी रक्तपुरवठ्याच्या ऊतींना तास लागतात.

या निरीक्षणाला गणिताचे रूप दिले जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने. ब्रिटिश नौदलासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाबाच्या कोठीत शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने शरीराची पाच काल्पनिक कप्प्यांत विभागणी केली आणि प्रत्येकाला एक अर्धकाल दिला: ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे. पाच मिनिटांचा कप्पा पाच मिनिटांत निम्मा भरतो, पुढच्या पाच मिनिटांत उरलेल्याच्या निम्मा, असे ते चालते. आजच्या प्रत्येक डाइव्ह कॉम्प्युटरच्या पोटात या कल्पनेचीच कुठली तरी पुढची आवृत्ती आहे. कप्पे वाढले, आकडे सुधारले, काही कंपन्यांनी बुडबुड्यांचे स्वतंत्र गणित त्यात जोडले, पण पाया तोच.

सर्वांत जास्त वापरले जाणारे गणित झ्युरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान या डॉक्टरांचे. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. तिथले डायव्हर डोंगरातल्या तळ्यांत उतरतात आणि तिथे हवेचा दाब मुळातच कमी असतो. म्हणून ब्यूलमानांनी उंचीचा विचार सुरुवातीपासून हिशोबात धरला. त्यांच्या नमुन्यात १६ कप्पे आहेत आणि सर्वांत मंद कप्प्याचा अर्धकाल ६३५ मिनिटांचा, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्या डायव्हरने हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. सकाळच्या बुडीतला काही नायट्रोजन रात्री घाट चढतानाही अंगात असतो तो या मंद कप्प्यांमुळे.

कॉम्प्युटर येण्याआधी डायव्हर छापील कोष्टके वापरत. पाडी या संस्थेच्या कोष्टकात १२ मीटरवर १४७ मिनिटे, १८ मीटरवर ५६ आणि ३० मीटरवर केवळ २० मिनिटे अशी मर्यादा आहे. या कोष्टकांची अडचण अशी की ती संपूर्ण बुडी सर्वांत खोल जागीच झाली असे धरतात. खडकाच्या बुडाशी दहा मिनिटे घालवून उरलेला अर्धा तास आठ मीटरवर माशांमागे फिरलेल्या माणसालाही त्यात खोल पाण्याचाच हिशोब लागतो. १९८३ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या ऑर्का एज या यंत्राने हे बदलले. खोली जशी बदलेल तसा हिशोब क्षणोक्षणी होऊ लागला आणि पुढच्या दोन दशकांत यंत्राने कोष्टकाची जागा घेतली.

मग मालवणच्या उथळ पाण्यात नव्या डायव्हरला त्याची गरज किती? हिशोब करून पाहावा. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी सुमारे ११ लिटरची असते आणि २०० बारपर्यंत भरते. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला साधारण १,६५० लिटर हवा उरते. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरले तर १२ मीटरवर ४४ लिटर लागते आणि ३७-३८ मिनिटांत टाकी राखीव पातळीला येते. कोष्टक मात्र तिथे १४७ मिनिटे देते. १८ मीटरवरही हवा अर्ध्या तासात संपते आणि मर्यादा ५६ मिनिटांची असते. थोडक्यात, पहिल्या बुडीत नायट्रोजनच्या मर्यादेआधी हवाच संपते. म्हणून काहीजण नवशिक्याला कॉम्प्युटर लागत नाही असे सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण दुसऱ्या बुडीचे. मालवणला गेलेला माणूस एका दिवसात दोन आणि सलग दोन दिवसांत चार बुड्या मारतो. पहिल्या बुडीचा उरलेला नायट्रोजन दुसरीत मोजावा लागतो आणि तो मधल्या विश्रांतीच्या वेळेवर अवलंबून असतो. होडीत बसून, उन्हात, अंगावर ओला सूट असताना हे कोष्टकातून काढायला बसले की चुका होतात. यंत्र तो हिशोब खंड न पाडता ठेवते.

दुसरे कारण वर येण्याच्या वेगाचे, आणि नवख्यासाठी ते जास्त मोलाचे आहे. मिनिटाला ९ ते १० मीटर हा आज सर्वमान्य वेग आहे. माणसाला तो नुसत्या अंदाजाने सांभाळता येत नाही. मालवणच्या हिरवट, गढूळसर पाण्यात आजूबाजूला नजर ठेवायला काही नसते, त्यामुळे आपण वर चाललो आहोत हेच कधी कधी उशिरा कळते. त्यात शेवटचे १० मीटर सर्वांत धोक्याचे, कारण तेवढ्यात दाब २ बारचा १ बार होतो आणि तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटातली व फुप्फुसांतली हवा फुगून दुप्पट होते. वेग वाढताच यंत्र पडद्यावर पट्टी भरून आणि आवाज करून सांगते. ५ मीटरवर तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला उलटी मोजणीही तेच करते. पहिल्या वर्षात या दोन गोष्टींसाठी यंत्राकडे जितके पाहिले जाते तितके दुसऱ्या कशासाठीही नाही.

निवडीची पहिली कसोटी यातूनच ठरते. आकडे मोठे आणि ठळक हवेत. चाळिशी उलटलेल्या, वाचायला चष्मा लागणाऱ्या माणसाने तर दुकानात चष्मा काढून, हात पूर्ण लांब करून पडदा वाचून पाहावा. मास्कमधून वस्तू पाण्यात सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात हे खरे, पण तेवढ्याने बारीक अक्षर वाचता येईल अशा भरवशावर राहू नये. प्रकाशाचे बटण ओल्या, थंड बोटांना पटकन सापडले पाहिजे. अनेक स्वस्त यंत्रांत एका पडद्यावर आठ-दहा आकडे दाटीने बसवलेले असतात. खोली, वेळ आणि शिल्लक मिनिटे एका नजरेत ओळखू येत नसतील तर ते यंत्र कितीही गुणी असो, पहिले म्हणून ते घेऊ नये. बाजारातली बहुतेक जाहिरात सुविधांच्या यादीवर चालते. पाण्याखाली, श्वास जरा जोरात चालू असताना, ती यादी कामाला येत नाही. त्या वेळी वाचता येईल तेवढेच उपयोगी.

आकाराचे तीन प्रकार आहेत. गोल, जाड डबीसारखे मनगटी यंत्र, रोजच्या घड्याळासारखे यंत्र आणि हवेच्या दाबमापकाबरोबर नळीला अडकवलेले यंत्र. इटलीच्या क्रेसीचे लिओनार्डो, मारेसचे पक आणि फिनलंडच्या सुंटोचे झूप ही पहिल्या प्रकारातली ओळखीची नावे. कॅनडाच्या शिअरवॉटर कंपनीचे पेरेग्रीन रंगीत पडद्याचे आहे आणि वाचायला फार सोपे, पण किंमतही दुपटीच्या घरात. बाहेरच्या देशांत साधी यंत्रे साधारण २०० डॉलरपासून पुढे मिळतात. भारतात आयात कर आणि जीएसटी धरून ती महाग पडतात. नळीला लटकवलेले यंत्र दर वेळी शोधून हातात धरावे लागते, आणि वर येताना डाव्या हातात जाकिटाची नळी असते. त्यामुळे मनगटावरचेच बरे.

घड्याळाच्या आकाराची यंत्रे मोहात पाडतात. गार्मिनने २०१७ पासून डायव्हिंगची घड्याळे आणली. २०२२ च्या ॲपल वॉच अल्ट्रावरही ओशनिक प्लस या ॲपच्या साहाय्याने ४० मीटरपर्यंत बुडीचा हिशोब होतो. ती काम चोख करतात, पण चार्जिंगवर चालतात आणि पडदा लहान असतो. बुडीच्या आदल्या रात्री होमस्टेमध्ये वीज गेली तर काय, हा कोकणात खरोखरीचा प्रश्न आहे. इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. साध्या फिटनेस बँडवर किंवा घड्याळावर ‘५० मीटर वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेले असते ते पोहण्यापुरते. त्यात ना खोलीचा सेन्सर असतो, ना नायट्रोजनचे गणित.

बॅटरीचा प्रश्न दुय्यम वाटतो, पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्यासाठी तो निर्णायक ठरू शकतो. काही यंत्रांची बॅटरी नाण्याने झाकण फिरवून घरी बदलता येते, काहींची कंपनीच्या सेवा केंद्रातच. पहिली जात घ्यावी. पक आणि झूप नोव्हो यांना सीआर २४५० ही गोल बॅटरी लागते, लिओनार्डोला सीआर २४३०. घड्याळाच्या दुकानात सीआर २०३२ सर्रास असते, पण या दोन तिथे असतीलच असे नाही. म्हणून एक जादा बॅटरी, झाकणाखालचे रबरी कडे म्हणजे ओ-रिंग आणि सिलिकॉन ग्रीसची डबी यंत्राबरोबरच मागवून ठेवावी. बदलताना ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत जाते. कड्यावरून स्वच्छ बोट फिरवून पाहावे, ग्रीसचा पुसट थर लावावा आणि झाकण खुणेवर आले की थांबावे. दोन बुड्यांच्या मधल्या वेळेत बॅटरी बदलू नये, कारण बऱ्याच यंत्रांत आधीच्या नायट्रोजनची नोंद त्याने पुसली जाते.

गणित कोणते निवडावे यावर डायव्हर लोक खूप वाद घालतात. नव्या डायव्हरने त्यात फार वेळ घालवू नये. ब्यूलमानचे गणित असो किंवा सुंटोसारख्या कंपनीचे स्वतःचे, १८ मीटरच्या आतल्या बुडीसाठी सगळीच यंत्रे पुरेशी सुरक्षित आहेत. फरक दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या बुडीत. एक यंत्र ३० मिनिटे शिल्लक दाखवते तेव्हा दुसरे २० दाखवते. जोडीतल्या दोघांनी मग कमी आकड्याचे ऐकावे. पाहायचे ते एवढेच की यंत्राला किती सावध ठेवायचे हे डायव्हरला ठरवता येते का. सुंटोमध्ये त्याच्या पी० ते पी२ अशा पायऱ्या असतात. शिअरवॉटरमध्ये ग्रेडियंट फॅक्टर नावाच्या दोन टक्केवाऱ्या असतात आणि आकडे जितके लहान तितका हिशोब सावध. वय जास्त, वजन जास्त, व्यायामाची सवय नाही किंवा रात्रभर गाडी चालवून मालवणला पोचलेले शरीर असेल तर एक पायरी सावध बाजूला सरकावी. हे सगळे यंत्राला आपण होऊन कळत नाही. कमी पाणी प्यालेले, जागरण झालेले, ओटीवरून होडीपर्यंत टाकी वाहून दमलेले शरीर आणि ताजेतवाने शरीर त्याच्या लेखी एकच.

नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा. तिची सोय आज जवळपास सर्व यंत्रांत असते, त्यामुळे तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र टाकीत साधी हवा असताना यंत्र चुकून ३२ टक्क्यांवर राहिले तर ते नायट्रोजन कमी मोजेल आणि शिल्लक वेळ खोटा वाढवून दाखवेल. म्हणून प्रत्येक बुडीआधी पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा पाहण्याची सवय लावावी. टाकीतला दाब बिनतारी पाठवणारा ट्रान्समीटर ही सोयीची, पण पहिल्या यंत्रात टाळता येण्याजोगी गोष्ट. नळीवरचा दाबमापक तसाही लागतोच.

विकत घेण्याआधी भाड्याने वापरणे शक्य असेल तर जरूर वापरावे. त्यात एक नियम पाळावा: दोन्ही दिवस तेच यंत्र घ्यावे. शनिवारचे यंत्र परत करून रविवारी दुसरे घेतले तर त्या दुसऱ्याला शनिवारच्या बुड्यांची काही कल्पना नसते. याच कारणाने नवरा-बायकोने किंवा दोन मित्रांनी मिळून एक यंत्र वापरू नये. एकजण दोन मीटर खाली, दुसरा वर, असे पाऊण तास चालले तर दोघांच्या शरीरांतला नायट्रोजन वेगळा होतो. वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत असेल तर त्यातली बुड्यांची नोंद उघडून पाहावी, बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज नाही ना हे तपासावे आणि ते ओल्या बोटाने सुरू होते का ते पाहावे. नोंदी संगणकावर उतरवण्यासाठी सबसर्फेस हा मोफत प्रोग्रॅम आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स स्वतः डायव्हर आहेत, आणि २०११ मध्ये तो त्यांनीच सुरू केला. पहिल्या वीस-पंचवीस बुड्यांचे आलेख पाहिले की वर येताना आपण कुठे घाई करतो ते डोळ्यांना दिसते. प्रशिक्षकाच्या शब्दांपेक्षा ते जास्त पटते.

आता घाटाचा भाग. महाड-पोलादपूरच्या डायव्हरला तो शहरातल्या डायव्हरपेक्षा जास्त लागू आहे आणि यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांत त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात.

बुडीनंतर लगेच विमानात बसू नये हे बहुतेकांना ठाऊक असते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे, थांब्यांची गरज न पडलेल्या एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एका दिवसात अनेक किंवा सलग अनेक दिवस बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावेत. पण ही शिफारस विमानापुरती नाही. २,००० फुटांपासून ८,००० फुटांपर्यंतच्या, म्हणजे साधारण ६१० ते २,४४० मीटरच्या उंचीच्या दाबाला ती लागू आहे. विमान असो वा गाडी, शरीराला कळतो तो दाब. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेले की चाळीसेक किलोमीटरमध्ये माणूस सुमारे १,३५० मीटर उंचीवर पोचतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. वाटेतला प्रतापगडही हजार मीटरच्या वर आहे. महाडजवळचा रायगड ८२० मीटरचा आणि रोपवेने तर काही मिनिटांतच माथा गाठता येतो.

एखादा रविवार घेऊ. मालवणला सकाळी दोन बुड्या झाल्या आणि साडेअकराला माणूस पाण्याबाहेर आला. जेवून, सामान बांधून दीडला निघाला. कणकवली, राजापूर, चिपळूण, परशुराम घाट, कशेडी असे करत रात्री नऊच्या सुमारास पोलादपूर. परशुराम आणि कशेडी हे दोन्ही ६१० मीटरच्या मर्यादेखाली आहेत, त्यामुळे इथवर अडचण नाही. तिथून थेट महाबळेश्वरमार्गे वाई किंवा सातारा गाठायचा विचार असेल तर रात्री साडेदहाच्या आसपास तो घाटमाथ्यावर असेल, म्हणजे शेवटच्या बुडीनंतर अकरा तासांनी. अनेक बुड्यांसाठीचे अठरा तास सोमवारी पहाटे साडेपाचला भरतात. महाडात किंवा पोलादपुरात मुक्काम करून सकाळी घाट चढणे हा त्यावरचा सरळ उपाय. महाडकराला घर गाठायला हा घाट चढावाच लागत नाही. त्याने फक्त सोमवारी सकाळी मित्रांबरोबर रायगडाचा बेत ठरवला असेल तर वेळ मोजावी. जोरदार चढण आणि उतरता दाब एकत्र येणे शरीराला मानवत नाही.

पुणे-कोल्हापूरकडचे लोक मालवणहून आंबोलीच्या किंवा गगनबावड्याच्या वाटेने दोन-तीन तासांत देशावर चढतात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणच्या उथळ बुड्यांत नायट्रोजन फारसा साठत नाही आणि यातले बहुतेक लोक काही त्रास न होता घरी पोचतात. अमेरिकी नौदलाच्या कोष्टकात तर उंची आणि साठा दोन्ही पाहून तास ठरवले आहेत, आणि थोड्या साठ्याला तिथे फार थांबावे लागत नाही. पण हा बारीक हिशोब नव्या डायव्हरच्या आवाक्यातला नसतो. त्याने अठरा तासांचा सोपा नियम पाळावा आणि शेवटच्या दिवशी बुडी न मारता किल्ला पाहावा. कॉम्प्युटरवर बुडीनंतर विमानाचे छोटे चिन्ह आणि तासांची उलटी मोजणी दिसते. तीच मोजणी घाटालाही लावावी. यंत्र निवडताना हे चिन्ह आणि मोजणी स्पष्ट दिसते का तेही पाहावे. काही यंत्रे बुडी कशीही असो, सरसकट २४ तास लावतात. सावधपणाच्या बाजूने तेही चालते.

उंचीवरच्या पाण्यात बुडी मारायची असेल तर प्रकरण वेगळे. महाबळेश्वरपलीकडे तापोळ्याला कोयनेचा शिवसागर आहे. जलाशय भरला की त्याची पातळी ६५० मीटरच्या पुढे असते. तिथल्या बुडीसाठी यंत्र उंचीच्या सेटिंगवर हवे. सुंटोच्या यंत्रांत ३०० ते १,५०० मीटरसाठी ए१ ही पायरी आहे, इतर काही यंत्रे हवेचा दाब मोजून ते आपोआप करतात. गोड्या पाण्याची घनता समुद्रापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी कमी, तेव्हा पाण्याचा प्रकारही बदलावा लागतो. अशा बुडीचे वेगळे प्रशिक्षण असते. ते घेतल्याशिवाय आणि परवानगीशिवाय जलाशयात उतरू नये.

नदीबद्दल तर अधिक स्पष्ट बोलायला हवे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यानंतर नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल आणि एनडीआरएफ यांनी कित्येक दिवस शोध घेतला. त्या पाण्यात धोका होता तो प्रवाहाचा, वाहून येणाऱ्या ओंडक्यांचा आणि हाताची बोटे न दिसणाऱ्या गढूळपणाचा. अशा कामाला दोर, काठावरची टोळी आणि वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण लागते. हौशी डायव्हरच्या यंत्राला यातले काहीच कळत नाही आणि सुट्टीत मिळवलेले कार्ड त्यासाठी पात्र ठरवत नाही. २०२१ च्या पुरातही महाडने पाणी पाहिले आहे. मदतीची इच्छा असलेल्या डायव्हरने किनाऱ्यावरच्या कामात हात लावावा. ते कामही तितकेच गरजेचे असते.

सगळे आकडे मर्यादेत असूनही डीकंप्रेशनचा त्रास होऊ शकतो, कारण यंत्राने नायट्रोजन प्रत्यक्ष मोजलेला नसतो. बुडीनंतरच्या चोवीस तासांत सांधा दुखू लागला, मुंग्या आल्या, चालताना तोल जाऊ लागला तर ‘कॉम्प्युटर ठीक दाखवत होता’ म्हणून थांबू नये. शुद्ध ऑक्सिजन देणे हा पहिला उपचार, आणि तो तालुक्याच्या रुग्णालयातही सुरू करता येतो. तिथल्या डॉक्टरांना आधीच्या दिवशी स्कूबा डायव्हिंग केले हे आवर्जून सांगावे आणि यंत्रातली नोंद दाखवावी. किती खोल, किती वेळ, वर येण्याचा वेग किती, हे त्यात लिहिलेले असते. पुढचा उपचार दाबाच्या कोठीत होतो. मुंबईला कुलाब्यात आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयापाशी असलेली इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन ही या विषयातली देशातली जुनी संस्था आहे. रुग्णाला घाटमार्गाने नेऊ नये. महाडहून मुंबईला महामार्गाने जाताना मोठी उंची लागत नाही हे इथे उपयोगी पडते.

कोकणात पावसाळ्याचे महिने डायव्हिंग बंद असते आणि महाडची हवा त्या काळात पाण्याने जड असते. मोसमाच्या शेवटच्या बुडीनंतर यंत्र गोड्या पाण्यात तासभर भिजत ठेवावे. बटणांच्या फटींत मीठ धरते, ते पाण्यातच बटणे दाबून सुटे करावे. दाबाच्या सेन्सरची बारीक छिद्रे टाचणीने कोरू नयेत, त्याने सेन्सर निकामी होतो. सावलीत पूर्ण वाळवून, पट्टा मोकळा ठेवून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ते ठेवावे. ऑक्टोबरात निघण्याआधी बॅटरीची पातळी, तारीख-वेळ, पाण्याचा प्रकार आणि ऑक्सिजनचा आकडा तपासावा. मग बादलीभर पाण्यात बुडवून ते आपोआप सुरू होते का ते घरीच पाहून घ्यावे.